छातीशी ठेवलेलं बी

चूक एका धाग्याची होती. कापड सुलटं असतं तर ती लुत्सेलासुद्धा दिसली नसती. पण तिने ते उलटं करून खिडकीशी धरलं होतं, आणि तिचं बोट पट्टीवरून सरकता सरकता एका जागी अडलं.

कोनाव्ले खोऱ्यात बायका जाकिटावर लावायची छातीवरची पट्टी उलट्या बाजूने भरतात. आधी कापडाचे धागे मोजून काळ्या रेशमाने घरं आखायची, मग त्या घरांत लाल, पिवळं, हिरवं रेशीम भरायचं. सुलटी बाजू काम संपल्यावर बघायची. त्यामुळे इथे डोळ्यांपेक्षा मोजण्यावर भिस्त जास्त. चार धागे सोडायचे, दोन उचलायचे. परत चार, परत दोन. देशा सहाव्या वर्षापासून मोजत होती. तिचं मोजणं इतकं पक्कं, की गेली कित्येक वर्षं लुत्सेने लेकीचं काम तपासलंच नव्हतं. आजही सहजच पाहिलं, लग्नाची पट्टी म्हणून.

"देशा, हे काय गं?"

"काय?"

"इथे पाच सोडलेत."

देशाने मान लांब करून पाहिलं. "उसवते."

"उसव. नाहीतर तुझी होणारी सासू, पावे, गावभर सांगत फिरेल, लुत्सेच्या पोरीला चारपर्यंत मोजता येत नाही म्हणून."

"पाचपर्यंत येतं हे तरी कळेल तिला," देशा म्हणाली आणि हसली. हसणं संपता संपता खोकला आला. तिने तोंड भिंतीकडे वळवलं आणि बाहीआड खोकून घेतलं. "धूर," ती म्हणाली.

चुलीत निखारे होते. धूर नव्हता.

लुत्सेने पट्टी खाली ठेवली नाही. ती पूर्ण तपासायला बसली. आणखी चार चुका सापडल्या. मग तिच्या एक गोष्ट लक्षात आली. देशा दिवसातून दोनदा बसायची. सकाळी गाईची धार काढून झाल्यावर थोडा वेळ, आणि दुपार कलली की जेवणापर्यंत. प्रत्येक बैठकीला नवा धागा घ्यायची आणि उठताना टोक आत खोचायची. उलट्या बाजूला ते सगळं दिसत होतं: सकाळचा धागा वीतभर, संध्याकाळचा हातभर. पाचही चुका हातभर लांबीच्या धाग्यांत होत्या. त्यातही शेवटच्या टोकाकडे.

एकदा चुकलं तर माणूस चुकलं म्हणायचं. पण रोज ठरावीक वेळी चुकत असेल, तर काय म्हणायचं?

बी त्याच आठवड्यात छातीशी ठेवलं होतं. रेशमाच्या किड्याची अंडी, पण त्यांना अंडी कुणी म्हणत नाही, बीच म्हणतात; खसखशीएवढं, राखाडी. तुतीच्या कळ्या फुगायला लागल्या की बायका ते तागाच्या छोट्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आत, अंगाच्या उबेला ठेवतात. दिवसा छातीशी, झोपताना उशीखाली. बाराव्या दिवशी ते फुटतं. तोवर झाडावर कोवळं पान आलेलं असतं. यंदा उत्तरेचा वारा थांबत नव्हता म्हणून तुती मागे पडली होती, पण लुत्सेने घाई केली होती, लग्नघर म्हणून. मागच्या उन्हाळ्यात कोशातून निघालेल्या पाखरांनी ज्या फडक्यावर बी घातलं होतं, ते फडकं मधोमध कापून तिने अर्धं स्वतःकडे ठेवलं, अर्धं देशाला दिलं.

आठव्या दिवशी सकाळी देशा अंगणात आली. पिशवी तिच्या तळहातावर उघडी होती.

"आई, हे बघ. फुटलं."

काळ्या धाग्याचे बारीक तुकडे करून कुणी ओंजळीत टाकावेत तसं दिसत होतं. फक्त ते तुकडे हलत होते.

लुत्सेने स्वतःच्या छातीतली पिशवी काढली. आतलं बी जसंच्या तसं, राखाडी, घट्ट. एकाच फडक्यावरचं, एकाच दिवशी ठेवलेलं. फरक फक्त छातीचा होता.

तिने देशाच्या कपाळाला हात लावला. गार होतं.

"बरं वाटतंय मला," देशा म्हणाली, कुणी विचारलं नसताना.

संध्याकाळी लुत्सेने तिची वेणी नीट करायचं निमित्त केलं आणि मानेला हात लावला. मान चटका बसावा इतकी तापली होती. गालांवर लाली होती. चुलीजवळ बसलेला बाल्दो, देशाचा बाप, कौतुकाने म्हणाला, "लग्न ठरलं की पोरी कशा खुलतात बघ!"

लुत्सेने वेणीची गाठ आवळली. ती या घरात सून म्हणून आली त्या वर्षी बाल्दोच्या दोन बहिणी याच चुलीपाशी अशाच खुलल्या होत्या. एक एकोणिसाव्या वर्षी गेली, दुसरी चोविसाव्या. दोघींनाही लग्नासाठी भरलेला पोशाख घालूनच पुरलं. त्या दुखण्याचं नाव घरात कुणी घेत नसे. नाव घेतलं तर ते ऐकतं, असं बाल्दोची आई म्हणायची.

पावे शनिवारी आली. व्लाहोची आई, होणारी विहीण. गावात तिच्या नजरेचा धाक होता. चर्चच्या दाराशी उभं राहून ती पलीकडच्या बाकावरच्या बाईच्या छातीवरची पट्टी कुणाच्या घरात भरली, ते सांगायची आणि कुठे धागा चुकला तेही. बरोबर निके होती, तिची तीन वर्षांची नात. निकेची आई, पावेची थोरली सून, दोन हिवाळ्यांपूर्वी वारली होती. तेही छातीचंच दुखणं होतं, आणि पावेच्या घरातही त्याचं नाव कुणी घेत नव्हतं.

"विहीणबाई, बसा. घोटभर राकिया घ्या, अंजिरं घ्या."

"बसायला नाही आले गं, बघायला आले." पावे बसली, अंजीर घेतलं आणि पट्टी हातात घेऊन लगेच उलटी केली. लुत्सेने रात्रीतून पाचही चुका उसवून परत भरल्या होत्या. पावेचं बोट त्या पाचही जागांवर क्षणभर थांबलं आणि पुढे गेलं.

"इथे हात बदललाय."

"पोरीचे डोळे दुखत होते. मी थोडं भरलं."

"डोळे," पावे म्हणाली.

मग तिला कोपऱ्यातली परडी दिसली. तुतीच्या मिटलेल्या कळ्या लुत्सेने सुरीने चिरून त्यात पसरल्या होत्या. त्यांवर काळ्या अळ्या थोड्याच हलत होत्या. बाकीच्या वाळून चिकटल्या होत्या.

"एवढ्यात? पान कुठाय अजून?"

"माझीच चूक, विहीणबाई. पिशवी भट्टीजवळ विसरले. पाव भाजायचा दिवस होता."

"तू? लुत्से, तू विसरलीस?" पावे हसली. "तुझं मीठ कधी जास्त झालेलं मी ऐकलं नाही."

लुत्सेचे कान तापले. बी भट्टीजवळ विसरणारी बाई म्हणजे तान्हं मूल बाजारात विसरणारी बाई. आता ते गावभर होणार होतं. होऊ दे, तिने मनाशी म्हटलं. दुसरं काही होण्यापेक्षा हे बरं.

तेवढ्यात निके देशाच्या मांडीवर चढली. मुलीने दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरून आपल्याकडे वळवला. देशाने श्वास रोखला आणि चेहरा हळूच दुसरीकडे नेला. निकेने परत वळवला. देशाने परत फिरवला. पोरीला तो खेळ वाटला, ती खिदळायला लागली.

पावे हे बघत होती. तिने खाऊन झालेल्या अंजिराचा देठ ताटलीच्या कडेला नीट ठेवला. मग सदऱ्यात हात घालून एक छोटी पिशवी काढली.

"हे आमच्या घरचं बी. देशाने ठेवायचं. आजपासून बारा दिवस, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी मी न्यायला येईन. होणाऱ्या सुनेच्या उबेला फुटलेलं बी घरात आलं की घर भरतं."

"ही रीत मी कधी ऐकली नाही, विहीणबाई."

"आमच्याकडे आहे," पावे म्हणाली. तिने पिशवी लुत्सेच्या हातात दिली नाही. उठून देशाच्या हातात दिली आणि तिची बोटं पिशवीवर मिटून धरली, जरा जास्त वेळ. शनिवारी सकाळी देशाचे हात गार होते. "बारा दिवस. आधी नाही, नंतर नाही."

त्या गेल्यावर लुत्सेने दार लावून घेतलं. मग लुत्सेने हात पुढे केला.

"दे इकडे."

"आई, मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळं. ऑलसेंट्सच्या सणापासून, थंडी सुरू झाली तेव्हापासून." देशाने पिशवी मुठीत दाबली. "आत्यासुद्धा अशाच मोजायला चुकायच्या का?"

लुत्सेला एकदम उत्तर आठवलं आणि तिने ते गिळलं. मोठ्या नणंदेची शेवटची पट्टी अजून पेटीत होती. तिने ती कधी उलटी करून बघितली नव्हती.

"लग्न होऊ दे," ती म्हणाली. "मग व्लाहो तुला त्साव्तातच्या डॉक्टरकडे नेईल. नवऱ्याने नेलं तर लोक म्हणतात दिवस गेले असतील. बापाने नेलं तर काय म्हणतात ते तुला ठाऊक आहे. मग जन्मभर तुझ्या बाकावर शेजारी कुणी बसायचं नाही."

"आणि निके?"

"तिला मांडीवर घेऊ नकोस."

"ती चढते, आई. ती तीन वर्षांची आहे."

"मग चढू देऊ नकोस!" लुत्से ओरडली. आपल्याच आवाजाने दचकून तिने खिडकी लावून घेतली. बाहेर वारा होता. ऐकायला कुणीच नव्हतं.

देशाने मूठ उघडली. लुत्सेने पिशवी घेतली आणि आपल्या पिशवीशेजारी, अंगालगत बांधली. फक्त संध्याकाळपुरती घ्यावी, असं तिला आधी वाटलं होतं. ताप संध्याकाळीच यायचा. पण देशाची रात्रही गरम असायची, आणि पहाटे घामाने चादर ओली व्हायची. उगाच धोका कशाला? पूर्ण बारा दिवस आपणच ठेवायचं. आपल्या छातीचा भरवसा होता. वीस वर्षांत तिचं बी कधी बाराव्याच्या आधी फुटलं नव्हतं.

ते दिवस तिने टाके मोजावे तसे मोजले. देशाच्या संध्याकाळच्या बैठका तिने आपल्याकडे घेतल्या. सकाळचा वीतभर धागा लेकीचा, संध्याकाळचा हातभर धागा आईचा. एकाच ताटात दोघी जेवायच्या, एकाच पेल्यातून पाणी प्यायच्या, आणि पहाटे देशा घामाने भिजून थरथरायला लागली की लुत्से तिला कुशीत घेऊन पडून राहायची. देशाच्या दोन्ही आत्यांनाही त्यांच्या आईने अशीच कुशीत घेतलेली तिला आठवत होतं. म्हातारी पुढच्याच वर्षी गेली होती. म्हातारपणाने, असं सगळे म्हणाले. ती तेव्हा शेहेचाळीसची होती.

पावे येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, लुत्सेचं स्वतःचं बी फुटलं, दहाव्या दिवशी. दोन दिवस आधी. देशाने विचारलं तर लुत्से म्हणाली, "दोन पिशव्यांची ऊब एकमेकींना लागली असेल." तिला स्वतःला ते पटलं. पटवून घेतलं.

बुधवारी संध्याकाळी भरताना तिने कापड दिव्याजवळ नेलं. शेवटच्या घरात तिने पाच धागे सोडले होते.

ती त्या टाक्याकडे बघत राहिली. दिवा मिणमिणता होता. उपासाचे दिवस होते, आठवडाभर नुसती मक्याची लापशी आणि कांदा. अंगात त्राण कुठून येणार? या दिवसांत संध्याकाळी थकायला सगळ्यांनाच होतं. तिने टाका उसवला, परत भरला. मग कापडाची घडी घालून उशीखाली ठेवली आणि देशाला काही सांगितलं नाही.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चला ऑलिव्हच्या फांद्या घेऊन सगळं गाव आलं होतं. पोशाखांची गर्दी होती: मुलींच्या डोक्यावर लाल टोप्या, लग्न झालेल्यांचे पांढरे ताठ रुमाल, आणि प्रत्येकीच्या छातीवर काळ्या जाकिटाच्या मधोमध ती भरलेली पट्टी. देशाने नवी पट्टी पहिल्यांदा लावली होती. बायका वळून बघत होत्या. व्लाहो चर्चच्या ओसरीतल्या खांबाआड उभा राहून बघत होता आणि सगळ्यांना दिसत होता.

"खांब पातळ आहे रे," कुणीतरी म्हणालं, आणि हशा झाला.

लुत्सेने स्वतःच्या लग्नातली पट्टी लावली होती. तिच्यातलं लाल आता विटेसारखं झालं होतं, पिवळं फिकं पडलं होतं, पण काळ्या रेषा तशाच होत्या, पहिल्या दिवशीसारख्या. त्या पट्टीखाली पावेची पिशवी होती. आज आठवा दिवस. अजून चार.

मिस्सा संपल्यावर सगळे चर्चच्या भिंतीपाशी, तुतीच्या झाडाखाली थांबले. फांद्या अजून नागड्या होत्या. कळ्या फुगलेल्या, पण मिटलेल्या. पावे गर्दीतून वाट काढत आली, बोटाला निके.

"पोरगी छान दिसतेय, लुत्से. रंग चढलाय चेहऱ्याला."

"तुमचीच कृपा, विहीणबाई."

"गुरुवारी येते मी."

"या ना. सगळं तयार असेल."

"बी नीट आहे ना?"

"देशा जिवापाड जपतेय. अंघोळीलासुद्धा कुणाकडे देत नाही."

पावे हसली. लुत्सेही हसली. तेवढ्यात तिला गळ्याखाली बारीक गुदगुली झाली. सैल झालेला धागा वाऱ्याने हलतोय, असं तिला वाटलं. तिने हात वर नेला नाही. पावेसमोर छातीशी हात नेणं बरं दिसलं नसतं.

पावेचं हसू तसंच होतं, पण डोळे खाली आले होते. पट्टीच्या वरच्या काठावर. ते डाव्या घरापासून सुरू झाले आणि सवयीने एकेक घर मोजत उजवीकडे निघाले, चार आणि दोन, चार आणि दोन. आणि थांबले.

"लुत्से," पावे हळूच म्हणाली, "तुझा एक टाका चालतोय."

लुत्सेने मान खाली घातली. काळ्या रेषेतून एक केसाएवढी रेष वेगळी झाली होती आणि विटलेल्या लालवरून पिवळ्याकडे निघाली होती. तिच्यामागे काठावरून आणखी एक डोकं वर येत होतं.

तिचं मन आधी देशाकडे धावलं. पावे ओरडायच्या आत काहीतरी बोलायला हवं होतं, आणि पोरीला वाचवेल असं खरं काही तिच्याकडे एकच होतं.

"देशाचा यात काही संबंध नाही," ती घाईने म्हणाली. "तिने पिशवीला हातही लावलेला नाही. पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे."

"पूर्ण वेळ?"

"पूर्ण वेळ. दिवसा, रात्री. देवाशपथ, मी एकटीने..."

ती थांबली. पावेच्या चेहऱ्यावर राग येईल असं तिला वाटलं होतं. राग आला नव्हता. पावेने एक हात जाकिटाच्या कडेला धरला होता आणि त्याची बोटं एकेक करून मिटत होती. रविवार, सोमवार, मंगळवार. आठाला ती थांबली. मग तिने लुत्सेच्या गालांकडे बघितलं, सकाळी आरशात लुत्सेला बरे वाटले होते त्या गालांकडे.

"तूसुद्धा," पावे म्हणाली. तिच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. लुत्सेला तो चालला असता.

निकेने पावेचा हात सोडवून घेतला होता आणि ती देशाकडे पळत निघाली होती. पावेने दोन ढांगांत तिला गाठलं, दंडाला धरून उचललं आणि काही न बोलता फाटकाकडे चालू लागली. मूल आजीच्या खांद्यावरून हात पसरून रडायला लागलं. बायकांनी वळून पाहिलं. व्लाहो खांबाआडून बाहेर आला, आईकडे बघत, मग देशाकडे, आणि जिथे होता तिथेच उभा राहिला.

देशा झाडाच्या पलीकडे होती. निकेसाठी पुढे केलेले हात तिने हळूहळू खाली घेतले. तिला ऐकू काही गेलं नव्हतं. पण ती आईच्या छातीकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. लेक दिवस मोजते आहे ते लुत्सेला इतक्या लांबूनही कळलं.

तिने अळ्या झटकल्या नाहीत. झटकून कुठे टाकायच्या? पान नव्हतं. तिने जाकिटाच्या कडा ओढून घेतल्या, मग परत बाजूला केल्या आणि पट्टीकडे पाहिलं. आपल्याच हाताने, आपल्याच लग्नासाठी भरलेली. कुठला टाका कुठे आहे ते तिला झोपेतही सांगता आलं असतं. डाव्या काठापासून ती मोजू लागली. चार सोडून दोन. चार सोडून दोन. चार सोडून...

तिसऱ्या घरात ती चुकली. परत पहिल्यापासून सुरू केलं, तोवर काळ्या रेषांमधून आणखी काही रेषा उठल्या होत्या.